रस्ता कुणाचा, हे आधी विचारा

मिरजगावात एखाद्या दुकानदाराने दुकानापुढचे पत्र्याचे शेड चार फूट रस्त्यात काढले, तर त्याला जाब कोणी विचारायचा? सरपंचांनी, तलाठ्यांनी, पोलिसांनी, बांधकाम खात्याने की महामार्गवाल्यांनी? तक्रार घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा या सगळ्यांच्या दारी जाऊन येतो आणि ठिकठिकाणी ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढेच ऐकतो. पुष्कळदा ते खरेही असते. शेडचे चार फूट सारखेच असले तरी ते ज्या रस्त्यावर आले तो कुणाच्या ताब्यातला आहे, यावर कायदा बदलतो, अधिकारी बदलतो आणि अपिलाची पायरीही बदलते.

मिरजगावसारख्या गावात हा गुंता अधिकच. कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर मार्गावरचे हे बाजारपेठेचे गाव. कर्जत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचा किराणा, बी-बियाणे, खते, कापड, बँक, दवाखाना यांसाठी माणसे इथेच येतात. वर्दळीने हे छोटे शहर आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा आहे. त्यामुळे रस्त्यावरची टपरी, पायरी, फलक यांना इथे लागू होतो तो गावाचा कायदा. तालुक्याच्या ठिकाणी, कर्जतला, नगर पंचायत आहे आणि तिथे नगरपालिकांचा १९६५ चा कायदा चालतो. एकाच तालुक्यात, एकाच बाजारातून माल उचलणाऱ्या दोन हातगाडीवाल्यांना कायद्याचे वेगवेगळे छत्र मिळते. त्याकडे पुढे येऊ.

आधी रस्ते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचे २० वे कलम सांगते की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा या, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाच्या. पण मालकी शासनाची असली तरी देखभाल आणि अधिकार वाटून दिलेले आहेत. गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्याच्या जमिनीवर कुणी बसले तर २००२ चा राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायदा लागतो आणि नोटीस देऊन ते काढण्याचा अधिकार महामार्ग प्रशासनाला असतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्यांच्यासाठी १९५५ चा महामार्ग कायदा. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातले आतले रस्ते, आळ्या आणि बोळ ग्रामपंचायतीकडे. शेतात जाणारी पाणंद किंवा शिवेवरची वाट अडवली तर तहसीलदारांकडे, आणि तिथे उपयोगी पडतो तो चक्क १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. त्याच्या पाचव्या कलमाखाली शेतरस्त्यावरचा अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात.

म्हणजे मुख्य रस्त्यावरून चालत निघालेला माणूस डावीकडे गल्लीत वळला की वीस पावलांत एका सरकारच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो. जमिनीवर त्याची कुठलीच खूण नसते. कुठे वळणरस्ता झाला की जुना रस्ता गावाच्या पोटातच राहतो आणि तो रीतसर हस्तांतरित होईपर्यंत त्याच्यावर नेमका कुणाचा शब्द चालायचा, हे ठरत नाही. अतिक्रमणे नेमकी अशा काळात जोम धरतात.

आणखी एक बाब लोकांच्या ध्यानात नसते. मोठ्या रस्त्यांच्या कडेला दोन रेषा आखलेल्या असतात, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा. इमारत रेषेच्या आत बांधकामच करायचे नाही. नियंत्रण रेषेच्या आत करायचे तर परवानगीने. या दोन्ही रेषा पुष्कळदा खासगी मालकीच्या जमिनीतून जातात. त्यामुळे सातबारा स्वतःच्या नावावर आहे, जमीन स्वतःची आहे, तरीही रस्त्याच्या मध्यापासून ठरलेल्या अंतराच्या आत गाळे काढले तर ते बेकायदा ठरू शकतात. गाळे बांधून, भाडेकरू बसवून झाल्यावर हे कळणे फार महागात पडते. बांधण्याआधी बांधकाम विभागाच्या उपविभागात जाऊन रेषा विचारून घेतलेल्या बऱ्या.

आता ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे ते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम हा मूळचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्याचे ५३ वे कलम सार्वजनिक रस्त्यांवरचे आणि मोकळ्या जागांवरचे अडथळे व अतिक्रमणे यांविषयी आहे. भिंत, कुंपण, कठडा, खांब, दुकानाचा ठेला, पडवी, ओटा, जोते, पायरी, असे एकेक नाव घेऊन ते सांगते की यातले काहीही रस्त्यावर किंवा उघड्या गटारावर उभे करायचे नाही. खोकी, गठ्ठे, माल ठेवायचा नाही. वरच्या मजल्याची गॅलरी किंवा खोली रस्त्यावर बाहेर काढायची तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी लागते. यादी वाचली की लक्षात येते, हे कलम लिहिणाऱ्यांना गावाची गल्ली चांगली ठाऊक होती. गल्ली एका दिवसात अरुंद होत नाही. आधी एक पायरी येते, पायरीवर फरशी बसते, फरशीवर पत्रा येतो, पत्र्याला शटर लागते, आणि शेवटी पायरीसाठी जागा उरली नाही म्हणून शटरापुढे पुन्हा एक नवी पायरी येते. पायरी हा शब्द कायद्यात आहे, तो याच साखळीसाठी.

या अपराधाला १९५८ च्या मजकुरात ५० रुपयांपर्यंत दंड आणि दोषी ठरल्यानंतरही अडथळा तसाच राहिला तर दिवसाला ५ रुपयांपर्यंत जादा दंड आहे. त्या काळी ५० रुपये ही मजुराच्या हातात एकरकमी क्वचितच येणारी रक्कम होती. आज त्यातून कुणालाही जरब बसणार नाही. म्हणूनच ‘ग्रामपंचायतीच्या हातात काही नाही’ असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. कलमाचे खरे बळ दुसऱ्या पोटकलमात आहे. अडथळा किंवा अतिक्रमण स्वतः काढून टाकण्याचा अधिकार ते ग्रामपंचायतीला देते. जागा ग्रामपंचायतीकडे निहित नसून शासनाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते, एवढाच फरक. ग्रामपंचायत हात बांधून बसली तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कुणाच्या अर्जावरून कारवाई करू शकतात. आणि ज्याच्यावर कारवाई झाली त्याला ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. मिरजगावकरांसाठी हे कार्यालय नाशिकला.

दंड किती असावा याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वाट अडवणाऱ्याला दंड आहे, आणि तो अडवलेल्या वाटेच्या मोलाप्रमाणे चढत जातो. माणसांची आणि लहान जनावरांची पायवाट अडवली तर १२ पण, मोठ्या जनावरांची वाट असेल तर २४ पण, आणि गावाची किंवा स्मशानाची वाट अडवली तर २०० पण. हिशेब रोखठोक होता. जितक्या लोकांची अडचण, तितका दंड मोठा. आपल्या ५३ व्या कलमात हा चढ नाही. बोळातली पायरी आणि चौकातले शेड यांना एकच माप लागते. केंद्राच्या कायद्यात मात्र अलीकडे रक्कम बदलली. सार्वजनिक वाटेवर अडथळा किंवा धोका निर्माण करण्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या २८३ व्या कलमात २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २८५ व्या कलमात तो ५,००० रुपयांपर्यंत गेला. रस्त्यावर माल मांडून, गाडी लावून किंवा जनावर बांधून वाट अडवण्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचे १०२ वे कलम आहेच. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकारी ‘अडथळा काढा, नाहीतर का काढू नये ते येऊन सांगा’ असा सशर्त आदेश काढू शकतात.

गावाच्या राजकारणात रुपयांच्या दंडापेक्षा कितीतरी जड असे एक कलम याच ग्रामपंचायत कायद्यात आहे. १४ व्या कलमानुसार शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही, झालेला असेल तर राहू शकत नाही. यावर बरीच वर्षे वाद होता. अतिक्रमण सासऱ्यांनी केले, सून निवडून आली, तर ती अपात्र का, असा तो प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तो निकाली काढला. अतिक्रमण मूळ कुणी केले यावर थांबायचे नाही, त्या जागेचा वापर पुढे चालू ठेवणाराही अपात्र ठरतो, असा त्या निकालाचा आशय आहे. खटला महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्याचा होता. तेव्हापासून निवडणुकीनंतर प्रतिस्पर्ध्याच्या घराचा ओटा मोजायला टेप घेऊन येणारे लोक राज्यभर दिसू लागले. हेतू कधी सूडाचा असतो, हे मान्य. तरीही रस्त्याची राखण ज्याच्याकडे सोपवायची त्यानेच रस्ता खाल्लेला नसावा, ही अट मला पूर्णपणे योग्य वाटते.

इथे नेहमीचा एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘आम्ही वीस वर्षे घरपट्टी भरतो, नमुना ८ वर आमचे नाव आहे.’ नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात नाव असणे म्हणजे कर भरण्याची जबाबदारी. त्यातून जागेची मालकी मिळत नाही. तीच गोष्ट बाजाराच्या पावतीची. आठवडे बाजारात पाल ठोकणाऱ्याकडून घेतलेली पट्टी त्या दिवसाच्या जागेपुरती असते.

कायदा लिहिणाऱ्यांनी गावाचे जगणे मात्र सोडलेले नाही. याच ५३ व्या कलमात एक फार समंजस तरतूद आहे. सण-समारंभांच्या वेळी रस्त्यावर तात्पुरता मांडव घालू द्यायला ग्रामपंचायतीला मुभा आहे, आणि आळीत किंवा मोकळ्या जागेत सरपण रचायलाही, पण चार दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि लोकांची किंवा कुणा एकाची गैरसोय होणार नाही अशा रीतीने. ‘कुणा एकाची’ ही अट मला मोलाची वाटते. लग्नाचा मांडव साऱ्या आळीला चालेल, पण शेजारच्या आजारी म्हातारीची रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकत नसेल तर तो मांडव नियमात बसत नाही. कर्जत तालुक्यात सिद्धटेक आणि राशीनसारखी देवस्थाने आहेत. यात्रा, सप्ताह, हळदी-लग्ने हा इथल्या रस्त्यांचा दुसरा संसार आहे. तो बंद करावा असे कायद्यालाही वाटत नाही. त्याला फक्त तारीख हवी आहे, मांडव कधी उठणार याची.

कायमच्या गोष्टींबाबत भूमिका कडक आहे. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि अशा वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामे उभारायला परवानगी देऊ नये असे राज्यांना बजावले. त्याआधी २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्त्यांवर नव्याने अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देण्यालाही मनाई झाली होती. गावात कमान किंवा पुतळा उभारायचा विषय निघतो तेव्हा भावना खऱ्या असतात. म्हणूनच जागेचा विचार आधी, शांतपणे व्हायला हवा. रस्त्याच्या कडेची, रीतसर मंजूर केलेली जागा त्या माणसाच्या स्मृतीला अधिक शोभते. तिथे त्याच्याभोवती ट्रक वळत नाहीत.

आता हातगाडीवाल्यांकडे येतो. पथविक्रेता कायदा, २०१४ हा रस्त्यावर विकणाऱ्या गरिबांसाठी देशाने केलेला मोठा कायदा. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, ओळखपत्र, विक्रीची नेमून दिलेली जागा, नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी, आणि जागेवरून हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस, हे सारे त्यात आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हुसकावू नये असेही तो सांगतो. पण या कायद्यातली ‘स्थानिक प्राधिकरण’ ही व्याख्या महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायत, छावणी मंडळ अशा नागरी संस्थांपुरती आहे. ग्रामपंचायत त्यात नाही. त्यामुळे कर्जतच्या चौकातल्या वडापाववाल्याच्या पाठीशी हा कायदा उभा राहतो, मिरजगावच्या वडापाववाल्याच्या पाठीशी राहत नाही. त्याच्यापाशी उरते ती राज्यघटना. १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की रस्त्याच्या कडेला विकून पोट भरणे हा व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग आहे, फक्त त्यावर वाजवी बंधने घालता येतात आणि अमुकच जागा मला हवी असा हक्क मात्र नाही. त्याआधी १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांबाबत न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला होता, आणि तरीही पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला होता.

माझ्या मते मोठ्या बाजारपेठेच्या गावांना ही तफावत फार जाचक आहे. ग्रामसभेने स्वतःच हातगाड्यांची जागा आखून द्यायला कुणाची आडकाठी नाही. बाजारतळाची एक बाजू, एसटी थांब्यापासून ठरावीक अंतरावरची एक पट्टी, पट्टीवर चुन्याने आखलेले चौकोन आणि त्यांची ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. नुसते ‘हटाव’ केले तर गाडी तिसऱ्या दिवशी परत येते, कारण तिच्या मालकाला संध्याकाळी घरी पीठ न्यायचे असते. शेड काढणारा पक्का दुकानदार आणि रोज गाडी लोटत आणणारा विक्रेता यांना एकाच जेसीबीखाली आणणे अन्यायाचे आहे. पहिल्याला मागे सरकायला स्वतःचे दुकान आहे.

आता फलक. फ्लेक्सची छपाई स्वस्त झाल्यापासून वाढदिवस, निवड, स्वागत, दशक्रिया, सगळेच चौकात आले. फ्लेक्सचे कापड हलके, म्हणून त्याचा धोका आपल्याला कळत नाही. धोका कापडाच्या वजनात नसतो, वाऱ्याच्या दाबात असतो. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणायचे. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला की उत्तर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येते. वळवाच्या वावटळीत वारा सहज सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होतो. तेव्हा चौरस मीटरला २४० न्यूटन दाब येतो. १० बाय २० फुटांचा फलक सुमारे साडेअठरा चौरस मीटरचा. त्याच्यावर एकूण रेटा येतो सुमारे ४५० किलो वजनाइतका, तोही आडवा, झटके देणारा. हा भार कशावर पेलायचा? खड्डा करून, माती दाबून उभ्या केलेल्या चार बांबूंवर किंवा महावितरणच्या खांबाला बांधलेल्या तारेवर. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरते. त्या वेगाला हाच फलक पावणेदोन टनांच्या आसपास रेटा घेईल. फ्लेक्सला कापून पाडलेली भोके हा भार थोडा कमी करतात, पण सांगाड्याच्या मजबुतीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात लोखंडी होर्डिंग रस्त्यावर कोसळून चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे वादळी पावसात होर्डिंग पडले. आडोशाला थांबलेली पाच माणसे गेली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग आडवे झाले आणि १७ जणांचा जीव गेला. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. म्हणजे मंजूर मापाच्या नऊपट क्षेत्रफळ. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली असल्याने परवानगी कुणाची लागते यावरच वाद होता. जागा कुणाची, हा प्रश्न तिथेही आधी सुटलेला नव्हता.

दुकानांच्या पाट्यांचा हा इतिहास मुंबई-पुण्यापुरता नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये प्रत्येक दुकानाची लाकडी-लोखंडी पाटी दांड्याला लटकवून रस्त्यावर पुढे काढलेली असे. जो तो शेजाऱ्याच्या पाटीपुढे आपली पाटी नेई. १७१८ मध्ये ब्राइड लेनमधली एक जड पाटी भिंतीच्या तुकड्यासह खाली आली आणि चार माणसे मेली. १७६२ च्या वेस्टमिन्स्टरच्या रस्तेविषयक कायद्यानंतर लटकत्या पाट्या उतरवून भिंतीला सपाट बसवाव्या लागल्या. अपघात आणि नियम यांत चार दशकांहून अधिक काळ गेला.

आपल्याकडे १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर, भिंतीवर, खांबावर, झाडावर, कुंपणावर, मग ती खासगी का असेना, जाहिरात लावून ती विद्रूप करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच प्रश्नावर साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने मुंबई उच्च न्यायालयात २०११ मध्ये जनहित याचिका केली. ३१ जानेवारी २०१७ रोजी न्यायालयाने बेकायदा होर्डिंग, फलक, पोस्टर काढण्याबाबत, तक्रारीची सोय करण्याबाबत सविस्तर आदेश दिले. त्या आदेशांचा रोख मुख्यतः महापालिका आणि नगरपालिकांवर होता. गावात फ्लेक्स उतरवायचे तर ५३ वे कलमच पुरेसे आहे, असे मी मानतो. रस्त्यात रोवलेला बांबू हा त्या यादीतला खांबच आहे, आणि यादीच्या शेवटी ‘इतर कोणताही अडथळा’ येतोच. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे हा विषय निराळा. मराठी, देवनागरी पाट्यांचा नियम २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांना लागू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तो नियम अक्षरांविषयी बोलतो, पाटी किती फूट बाहेर यावी याविषयी नाही.

पडण्यापेक्षाही रोजचा धोका आहे तो दिसण्याचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आले हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत रस्ता आखणारे इंजिनिअर अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ४० मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबायला आणखी साधारण तितकेच लागतात. म्हणजे चालकाला ८० मीटर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी पाच फुटी फलक किंवा टपरी असेल तर सायकलवरून बाहेर येणारी शाळकरी मुलगी त्याला दहा-पंधरा मीटरवर आल्यावर दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ मध्येच रस्त्याकडेच्या जाहिरातींचे धोरण लिहून ठेवले. चौक, पूल आणि ओलांडण्याच्या जागा यांपासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको, शहरी भागात फार तर ५० मीटरपर्यंत सूट, असे ते म्हणते. आपण नेमके चौकातच फलक लावतो, कारण तिथे गाड्या मंदावतात आणि लोकांची नजर जाते. चालकाची नजर रस्त्यावर हवी असते तीही तिथेच.

मोटार वाहन कायद्याचे ११६ वे कलम याला जोडून वाचावे. वाहतुकीचे चिन्ह झाकणारा किंवा चिन्हासारखा दिसून चालकाची दिशाभूल करणारा फलक काढून टाकण्याचा अधिकार ते पोलीस अधीक्षकांना देते. लाल किनारीच्या वर्तुळातला हुकूम, लाल किनारीच्या त्रिकोणातली सावधगिरी, निळ्या चौकटीतली माहिती, ही भाषा न थांबता, क्षणात वाचायची असते. ‘पुढे शाळा’ या त्रिकोणावर कुणाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आला तर एका मुलाच्या जिवाची सूचना पुसली जाते. गावात हे दिसले तर पोलीस ठाण्यात लेखी द्यावे आणि अर्जात कलमाचा उल्लेख करावा.

ग्रामपंचायतीकडे जायचे असेल तर सुरुवात रस्त्याच्या नोंदीपासून करावी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. तक्रारीतला रस्ता तिच्यात आहे का, लांबी-रुंदी किती लिहिली आहे, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. नोंदच नसेल तर अतिक्रमण सिद्ध करणे अवघड, म्हणून ग्रामसभेत आधी नोंदीचा ठराव मागावा. गावठाणांच्या नकाशांची अडचण आता हळूहळू सुटते आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जातात आणि घरमालकांना मालमत्ता पत्रक मिळते. या मोजणीचा प्राथमिक प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. या नकाशात घरांच्या हद्दी येतात तशी घरांमधली मोकळी वाटही येते. नकाशा चौकशीला येतो तेव्हा हजर राहून ती वाट तपासणे गावकऱ्यांच्या हातात असते. नंतर दुरुस्ती करायची तर भूमी अभिलेख कार्यालयात खेपा घालाव्या लागतात.

अर्जात कुणाच्या नावाने आरडाओरडा नको. रस्त्याचे नाव, नोंदीतली रुंदी, प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, कशामुळे कमी झाली आणि कुणाची गैरसोय होते, एवढे पुरे. एकाच आळीतल्या सगळ्या पायऱ्या आणि शेडांची मापे एकत्र दिली, त्यात स्वतःच्या घराचेही दिले, तर निवडक माणसाला लक्ष्य केल्याचा आरोप उरत नाही आणि ग्रामपंचायतीलाही सरसकट नोटीस काढणे सोपे जाते. अर्जाची पोहोच तारखेसह घ्यावी. ग्रामपंचायतीने काही केले नाही म्हणून पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे झाले, तर हातात ती तारीख असलेली बरी.